शेणकिडा सरळ कसा जातो? दिशांची आकडेवारी शिकवणारा एक स्वस्त प्रयोग

गुरं चरून गेलेल्या माळावर पहिले पाऊस झाले की ताज्या शेणाच्या पोभोवती शेणकिड्यांची झुंबड उडते. काही किडे पोच्या खालीच बीळ करतात, काही पोमध्येच मुक्काम ठोकतात, आणि काही गोळी वळून ती मागच्या पायांनी, डोकं खाली करून, उलटं चालत ढकलत नेतात. प्रयोगासाठी आपल्याला हे तिसरे हवेत. रेंगाळणाऱ्याची गोळी दुसरा किडा हिसकावतो, म्हणून यांना पोपासून लवकरात लवकर लांब जायचं असतं. लवकर लांब जायचं तर सरळ रेषेत जायला हवं, आणि सरळ रेषा धरायची तर आकाशातली खूण हवी.

दक्षिण आफ्रिकेतल्या शेणकिड्यांवर मारी डाके आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की चंद्रप्रकाशाच्या ध्रुवीभवनावरून (प्रकाशलहरी एकाच पातळीत कंप पावण्यावरून) हा किडा दिशा राखतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या टोप्या घालून आणि त्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेऊन, आकाशगंगेचीही परीक्षा झाली. (त्या वर्षीचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, याच कामाला मिळालं. टोप्यांसकट.) आपला प्रयोग दिवसाचा, सूर्याचा. खर्च किरकोळ आहे, पण हिशोबात एक खाच आहे आणि नवखे हमखास तिच्यात अडकतात. म्हणून सुरुवात हिशोबापासून.

कोणता कोन मोजायचा

दिशाकोनांची साधी सरासरी चालत नाही, हे पहिल्या धड्यातच कळतं. एक किडा ३५० अंशाला गेला, दुसरा १० अंशाला. दोघेही जवळजवळ उत्तरेला गेले, पण बेरीज करून दोनाने भागलं तर उत्तर येतं १८०, म्हणजे दक्षिण. यावरचा उपाय पुढे येतोच.

खरी खाच वेगळी आहे. वीस किडे रिंगणाच्या मध्यावरून सोडले आणि प्रत्येक जण कुठल्या अंशाला बाहेर पडला ते लिहिलं, तर ते वीस कोन चहूकडे विखुरलेले दिसतात. त्यांवर चाचणी लावली की 'पसंतीची दिशा नाही' असं उत्तर येतं, आणि नवखा लिहून मोकळा होतो की किड्यांना दिशा कळत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक किडा आपली दिशा स्वतः निवडतो. एक ईशान्येला जातो, दुसरा दक्षिणेला. समान दिशा पाळणं हे त्यांचं काम नाही. निवडलेली दिशा टिकवणं हे आहे. म्हणून एकाच किड्याला दोनदा सोडायचं आणि दोन दिशाकोनांमधला बदल मोजायचा. सूर्य तसाच असेल तर बदल शून्याच्या आसपास यावा. सूर्य आरशाने उलट्या बाजूला नेला तर १८०च्या आसपास यावा. पुढचे सगळे आकडे या बदलाचे.

रिंगण

६० सेंटिमीटर व्यासाचं गोल प्लायवुड, १२ मिलिमीटर जाडीचं, घ्या. त्यावर फेविकॉलचा पातळ थर देऊन चाळलेली बारीक वाळू पसरा आणि रात्रभर सुकू द्या. गुळगुळीत प्लायवुडवर किड्याचे पाय घसरतात आणि गोळी भलतीकडे जाते.

परीघ साधारण १८८.५ सेंटिमीटर भरतो. दर ५ अंशांना एक खूण, म्हणजे ७२ खुणा, दोन खुणांत २६.२ मिलिमीटर. पट्टीने एकापुढे एक खूण करत गेलात आणि दर वेळी एक मिलिमीटर चुकलात तर शेवटी ७२ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ १४ अंशांची चूक साचते. त्यापेक्षा परीघाएवढी कागदी पट्टी कापा, तिच्यावर सुरुवातीच्या टोकापासून सलग मापाने खुणा करा आणि मग ती काठावर चिकटवा.

मध्यबिंदूवर ठळक ठिपका काढा. किडा मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला ठेवला गेला तर काठावरचा कोन २ अंशांपर्यंत चुकतो, दोन सेंटिमीटरला जवळजवळ ४ अंश.

रिंगण उघड्यावर, सर्व बाजूंनी आकाश दिसेल अशा जागी मांडा. गवंड्याची पाणसळ दोन काटकोनी दिशांना ठेवून ते समतल करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. उतार असेल तर गोळी उताराकडे ओढते, सगळ्या किड्यांचे कोन एका बाजूला झुकतात आणि तुम्हाला नसलेली 'पसंतीची दिशा' सापडते.

होकायंत्राने शून्याची खूण उत्तरेला लावा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी आहे, तो सोडून द्या. खिशातला मोबाइल, लोखंडी स्टूल आणि उभी केलेली मोटरसायकल मात्र सोडून देता येत नाहीत. होकायंत्र वाचताना ती दूर ठेवा. आपण बदल मोजत असल्यामुळे उत्तर थोडी चुकली तरी दोन्ही वाचनांत चूक तीच राहते आणि वजाबाकीत निघून जाते. पण दोन फेऱ्यांच्या मध्ये पाय लागून रिंगण फिरलं तर ती चूक निघत नाही. चार खुंट्या ठोकून रिंगण घट्ट बसवा.

वेळ

इथे आपल्या अक्षांशाचा संबंध येतो. पुण्या-मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे माध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर. डोक्यावरच्या सूर्यावरून दिशा कशी काढणार? किड्यालाही ती काढता येत नाही. सूर्य साधारण ७५ अंशांच्या वर गेला की शेणकिडे वाऱ्याच्या दिशेचा आधार घेतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पावसाळ्यात दुपारी बारा-एकला प्रयोग लावला तर तुम्ही सूर्य नव्हे, वारा मोजत असता.

जुलैच्या उत्तरार्धात पुण्याला सकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्याचा उन्नतांश (क्षितिजापासूनची उंची, अंशांत) ३४ च्या आसपास असतो आणि पावणेअकराला ६२ च्या आसपास. या दोन तासांत त्याचा दिगंश (उत्तरेपासून मोजलेला दिशाकोन) जेमतेम ७८ वरून ८२ पर्यंत सरकतो. म्हणजे दोन फेऱ्यांत दहा मिनिटं गेली तरी सूर्य 'हलला' म्हणून काही बिघडत नाही. संध्याकाळकडे पावणेतीन ते साडेचार हीही तितकीच चांगली वेळ. माध्यान्हीला मात्र हाच दिगंश काही मिनिटांत पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटतो.

पावसाळ्यात ऊन मिळेलच याची हमी नाही. दोन फेऱ्यांपैकी एकीत जरी सूर्यावर ढग आला तरी ती जोडी रद्द करा, आणि हा नियम पहिल्या दिवसाआधी वहीत लिहा. निकाल बघून मग ढग आठवायचे, ही पळवाट आहे.

किडे आणि गोळ्या

आपल्याकडे गोळी ढकलणाऱ्यांत जिम्नोप्लुरस आणि सिसिफस या वंशांतले किडे सापडतात. सिसिफस लहान असतो आणि त्याचे मागचे पाय लांबलचक दिसतात. ओळख नक्की पटत नसेल तर वेगवेगळ्या आकाराचे किडे एकाच गटात मिसळू नका. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात गोळा करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. गायरानावर काम करणं त्या मानाने सोपं.

सकाळी लवकर ताज्या पोजवळ बसा आणि गोळीसकट किडा चमच्याने उचला. प्रत्येकाला झाकणाला भोकं पाडलेल्या वेगळ्या डबीत, ओलसर मातीवर, त्याच्याच गोळीसोबत, सावलीत ठेवा. डबीवर क्रमांक घाला. ज्या गुरांना नुकतंच आयव्हरमेक्टिनचं जंतनाशक दिलंय त्यांचं शेण टाळा, कारण ते औषध शेणातून बाहेर पडतं आणि किड्यांच्या संवेदना व हालचाली मंदावतात. गुराख्याला विचारलं की समजतं.

किमान २० किडे धरा, कारण काही उडून जातील, काही गोळी सोडून देतील. काम संपलं की त्याच दिवशी, जिथून उचलले तिथेच सोडा.

एक फेरी

किडा आणि गोळी मध्यबिंदूवर ठेवा आणि दोन-तीन पावलं मागे सरून खाली बसा. तुमची सावली रिंगणावर पडता कामा नये. दर फेरीला तुम्ही त्याच जागी बसत असाल तर तुम्हीच एक खूण होता, म्हणून जागा बदलत राहा.

किडा बहुधा आधी गोळीवर चढून स्वतःभोवती गरगर फिरतो. यालाच अभ्यासक किड्याचा नाच म्हणतात. त्यात तो आकाशाची पाहणी करतो आणि मग उतरून ढकलायला लागतो. नाच पूर्ण होऊ द्या. प्लायवुड फार तापलं असेल तर किडा वेगळ्या कारणानेही गोळीवर चढतो. ओलसर गोळी जमिनीपेक्षा थंड असते, म्हणून तो वर बसून पुढचे पाय आणि तोंड घासतो. हा नाच नव्हे, हा विसावा आहे. असं दिसायला लागलं की रिंगण सावलीत निववा.

गोळी नव्हे, किड्याचं शरीर काठ ओलांडतं तिथला कोन वाचा, बरोबर वरून बघून. तिरक्या नजरेने ५ अंश सहज चुकतात. लगेच किडा गोळीसकट चमच्याने उचला, मध्यावर ठेवा, दुसरी फेरी. पाच मिनिटांत बाहेर पडला नाही, उडाला किंवा गोळी सोडली, तर 'नापास' असं लिहा. ओळ खोडू नका. शेवटी नापासांची संख्या सांगावी लागते.

वहीत स्तंभ असे: किड्याचा क्रमांक, तारीख, वेळ, पहिला कोन, दुसरा कोन, स्थिती (ऊन किंवा आरसा), ढग आठात किती (आकाशाचे आठ भाग धरले तर किती झाकलेत), वारा, गोळीचा व्यास, शेरा.

आरसा

आरशाची युक्ती जुनी आहे. फेलिक्स सांची या ट्युनिशियात राहणाऱ्या डॉक्टरने १९११ मध्ये मुंग्यांवर ती वापरली. ४५ × ६० सेंटिमीटरचा आरसा आणि त्याहून थोडा मोठा पुठ्ठा, दोघे मदतनीस. पहिली फेरी उघड्या उन्हात. दुसऱ्या फेरीत पहिल्याने सूर्याच्या बाजूला पुठ्ठा धरून रिंगणावर सावली पाडायची, दुसऱ्याने समोरच्या बाजूने आरशातून ऊन रिंगणावर टाकायचं.

आरसा उभा धरा, तिरका नव्हे. उभ्या आरशातला सूर्य खऱ्या सूर्याइतक्याच उंचीवर दिसतो. आरसा वाकवला की सूर्याची उंची बदलते आणि तुम्ही एकाऐवजी दोन गोष्टी बदलता. सूर्य ४५ अंशांवर असेल तर मध्यबिंदूपासून एक मीटरवर उभं राहून आरशाचा मध्य एक मीटर उंचीवर धरला की उन्हाचा तुकडा बरोबर मध्यावर येतो. ४५ अंशांना ६० सेंटिमीटर उंच आरसा जमिनीवर ६० सेंटिमीटर लांब तुकडा टाकतो, म्हणजे एका दिशेने रिंगण पूर्ण झाकतं. आडव्या दिशेने तो ४५च भरतो. किडा बाजूला निघाला की आरसा त्याच्यासोबत सरकवा.

नवखे हमखास विसरतात ती तुलनेची फेरी. आरशासमोर माणूस उभा राहिला, पुठ्ठा हलला, यानेच किडा बिचकला असेल तर? म्हणून प्रत्येक किड्याची एक जोडी अशी घ्या की दुसऱ्या फेरीत दोघे मदतनीस त्याच जागी उभे आहेत, पण आरशाची मागची बाजू किड्याकडे आहे आणि पुठ्ठ्याची सावली रिंगणाबाहेर पडते आहे. खरी जोडी आधी की ही, ते नाणं उडवून ठरवा.

हिशोब

बदल म्हणजे दुसरा कोन वजा पहिला. उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवा.

आता प्रत्येक बदलाचे कोसाइन आणि साइन काढा. कोसाइनांची बेरीज आणि साइनांची बेरीज या दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्या आणि किड्यांच्या संख्येने भागा. ही सरासरी सदिशाची लांबी, ० ते १ च्या मधली. १ म्हणजे सगळे एका कोनावर. सरासरी कोन मिळतो तो त्याच दोन बेरजांच्या व्यस्त टॅन्जंटवरून, पण साध्या नव्हे, दोन आकडे घेणाऱ्या (ATAN2). एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये त्या सूत्रात कोसाइनची बेरीज आधी लिहायची असते, आर आणि पायथन या संगणकभाषांमध्ये साइनची आधी. क्रम उलटला तरी संगणक तक्रार करत नाही, गुपचूप चुकीचा कोन देतो. तसंच स्प्रेडशीटला रेडियन हवे असतात, अंश नव्हे.

हाताने एकदा करून बघायला हे आठ बनावट बदल घ्या: १५०, १६०, १७०, १७५, १८५, १९०, २०५, २३०. कोसाइनांची बेरीज −७.३१७, साइनांची −०.३४७. लांबी ०.९१६, सरासरी कोन १८२.७. तुमचं स्प्रेडशीट हेच देत असेल तरच पुढे जा. खरे किडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. लांबी ०.६ किंवा ०.७ आली तरी वाईट मानू नका.

चाचण्या

रेली चाचणी विचारते की हे कोन निव्वळ योगायोगाने इतके एकवटले असतील का. किड्यांची संख्या गुणिले लांबीचा वर्ग, इतकंच. उत्तर साधारण ३ च्या वर गेलं तर ५ टक्के पातळीवर योगायोग नाकारता येतो. वरच्या उदाहरणात ते ६.७ येतं. उलट बाजूने बघायचं तर १० किडे असतील तर लांबी किमान ०.५४ हवी, २० असतील तर ०.३९, ४० असतील तर ०.२७. लांबी शून्य नाही एवढ्याने हुरळू नका. निव्वळ यादृच्छिक वीस कोनांचीही लांबी सरासरीने ०.२ च्या आसपास येते.

आरशाच्या जोडीत आपल्याला आधीच १८० अपेक्षित आहे, म्हणून तिथे व्ही चाचणी जास्त धारदार. लांबी गुणिले सरासरी कोन आणि अपेक्षित कोन यांतल्या फरकाचा कोसाइन, आणि त्याला संख्येच्या दुपटीच्या वर्गमुळाने गुणायचं. १.६४५ च्या वर उत्तर गेलं की बास. उदाहरणात ते ३.६६ येतं. अट एकच: अपेक्षित कोन आकडे बघण्याआधी ठरलेला असावा. आकडे बघून '१५० असावा' असं ठरवून ही चाचणी लावणं म्हणजे भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणं. आणि व्ही चाचणी पास झाली म्हणजे सरासरी नेमकी १८० आहे असं सिद्ध होत नाही. त्यासाठी सरासरी कोनाची विश्वास-सीमा (खरी सरासरी ज्या पट्ट्यात असावी तो पट्टा) काढा आणि १८० तिच्यात बसतो का ते पाहा.

आता पहिल्या कोनांकडे परत या. त्यांवरही रेली चाचणी लावायचीच, पण 'एकवटलेले नाहीत' हे उत्तर मिळावं म्हणून. ते एकवटलेले निघाले तर दोष बहुधा किड्यात नाही, रिंगणात आहे: उतार, वारा, सावली, नाहीतर वाऱ्याच्या दिशेला पडलेला ताज्या शेणाचा पो. दोष काढा, आकडे टाका, पुन्हा सुरू करा.

रेली चाचणीची एक आंधळी बाजू आहे. निम्मे बदल शून्याजवळ आणि निम्मे १८० जवळ आले, म्हणजे निम्म्या किड्यांनी आरसा मानला आणि निम्म्यांनी आकाशाच्या उरलेल्या खुणा धरल्या, तर लांबी शून्याच्या आसपास पडते आणि चाचणी 'काही नाही' म्हणते. हे अजिबात अशक्य नाही. आरसा सूर्य हलवतो, पण निळ्या आकाशातल्या ध्रुवीभवनाचा पट जागच्या जागी राहतो. अशा वेळी प्रत्येक कोन दुप्पट करा (३६० च्या वर गेला तर ३६० वजा करा), लांबी काढा, आणि सरासरी कोन निम्मा करा. अधिक गुंतागुंतीच्या गुच्छांसाठी राव यांची अंतर-चाचणी आहे, पण ५ अंशांना गोल केलेल्या आकड्यांत सारखे कोन पुष्कळ असतात आणि तिला ते सोसत नाहीत.

ऊन आणि आरसा यांची तुलना करताना मोह होतो वॉटसन-विल्यम्स चाचणीचा. ती दोन स्वतंत्र गटांसाठी आहे, आणि दोन्ही गट चांगले एकवटलेले असावेत ही तिची अट. आपल्याकडे किडे तेच आहेत. म्हणून किडा मार्गापासून किती ढळला याची तुलना करायची असेल तर प्रत्येकाचा निव्वळ बदल (० ते १८० मधला) काढून विल्कॉक्सनची जोडीची चाचणी लावा. कांतिलाल मार्डिया यांचं नाव जोडलेली मार्डिया-वॉटसन-व्हीलर चाचणीही स्वतंत्र गटांची. (मार्डिया मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे लीड्समध्ये प्राध्यापक झाले.) ती सरासरी वेगळी असली तरी वाजते आणि फक्त विखुरणं वेगळं असलं तरी वाजते. तिच्या निकालावरून 'दिशा बदलली' असं लिहू नका.

एका किड्याच्या दहा फेऱ्या घेतल्या तर ते दहा आकडे नव्हेत. आधी त्या किड्याची सरासरी काढा, आणि चाचणीत तिचा एकच आकडा घाला. पाच किडे गुणिले दहा फेऱ्या बरोबर पन्नास, असा हिशोब छापील लेखांतही अधूनमधून दिसतो. तो तिथेही चूकच.

चित्र

स्तंभालेख काढू नका. तो वर्तुळ उत्तरेला कापतो आणि ३५५ व ५ या शेजाऱ्यांना दोन टोकांना बसवतो. वर्तुळ काढा, दर ५ अंशांना एकावर एक ठिपके रचा, मध्यापासून सरासरी कोनाकडे लांबीएवढा बाण काढा. त्रिज्या १ धरली की बाण थेट वाचता येतो. रेली चाचणीच्या ५ टक्के मर्यादेचं तुटक वर्तुळ आतून काढलं की बाण त्याच्या बाहेर गेला की नाही ते एका नजरेत दिसतं. वीस किड्यांना ते ०.३९ त्रिज्येवर येईल. आरमधलं 'सर्क्युलर' हे मोफत पॅकेज हे सगळं करतं, फक्त त्याला आधी सांगावं लागतं की कोन अंशांत आहेत, उत्तर शून्य आहे आणि ते घड्याळाच्या दिशेने वाढतात. न सांगितल्यास ते गणितातल्यासारखं पूर्वेपासून उलट दिशेने मोजतं, आणि तुमचा पूर्वेला गेलेला किडा चित्रात उत्तरेला निघालेला दिसतो.